साथीच्या काळातील सहल : जोखीम कोणाच्या खात्यावर?

११ जुलै २०२० रोजी, शनिवारी सकाळी, अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात ऑर्लँडो शहराजवळचे वॉल्ट डिस्ने वर्ल्ड सुमारे चार महिन्यांच्या बंदनंतर पुन्हा उघडले. पहिल्या दिवशी मॅजिक किंगडम आणि ॲनिमल किंगडम ही दोन उद्याने सुरू झाली. उरलेली दोन चार दिवसांनी. प्रवेशद्वारावर प्रत्येकाचा ताप मोजला जात होता. मुखपट्टीशिवाय कोणालाही आत सोडले जात नव्हते. रांगेत कोणी कोठे उभे राहायचे याच्या खुणा जमिनीवर आखलेल्या होत्या, आणि तिकीट असले तरी त्या दिवसाचे आरक्षण केल्याशिवाय प्रवेश नव्हता. दुसऱ्याच दिवशी, १२ जुलैला, फ्लोरिडा राज्यात एका दिवसात १५,२९९ नव्या कोविड रुग्णांची नोंद झाली. तोपर्यंत अमेरिकेतील कोणत्याही राज्याने एका दिवसात इतके रुग्ण पाहिले नव्हते. हे रुग्ण अर्थातच उद्यानामुळे आजारी पडलेले नव्हते. त्यांचा संसर्ग आधीच्या दिवसांतला होता. परंतु साथ चढणीला लागलेली असताना करमणुकीचे दरवाजे उघडले गेले, ही वस्तुस्थिती त्या आकड्याने साऱ्या जगासमोर ठेवली.

त्याच कंपनीचे सर्वांत जुने उद्यान कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे आहे. १७ जुलै १९५५ रोजी सुरू झालेले हे डिस्नेलँड आपल्या ६५व्या वर्धापनदिनी, १७ जुलै २०२० रोजी, उघडण्याचा बेत होता. राज्य सरकारची नियमावली वेळेत आली नाही, तेथील कामगार संघटनांनी राज्याच्या गव्हर्नरांना पत्र लिहून सुरक्षिततेविषयी शंका व्यक्त केली, आणि बेत रहित झाला. ऑक्टोबरमध्ये नियमावली आली तेव्हा तीत मोठ्या उद्यानांसाठी कठोर अट होती : त्या भागातील संसर्ग सर्वांत खालच्या पातळीवर आल्यावरच परवानगी, तीही एकचतुर्थांश क्षमतेने. प्रत्यक्षात दरवाजे उघडले ते ३० एप्रिल २०२१ रोजी, आणि सुरुवातीला केवळ कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांसाठी. मधल्या काळात, जानेवारी २०२१ पासून, डिस्नेलँडच्या एका वाहनतळावर लसीकरण केंद्र चालत होते.

मालक एकच, नियमपुस्तकही जवळजवळ एकच, आणि दोन राज्यांची उत्तरे मात्र दोन. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, तरीही या दोन उत्तरांचा विचार करणे कालबाह्य झालेले नाही. साथ पुन्हा कधी ना कधी येणारच आहे, आणि सुट्टी तर दरवर्षी येते. घरातील मुले हट्ट धरणार, आणि घरातील कर्त्या माणसाला उत्तर द्यावे लागणार.

या प्रश्नात खरे तर दोन प्रश्न दडलेले आहेत, आणि ते एकत्र विचारले गेल्यामुळेच बहुतेक घरांत वाद होतो. जाणे सुरक्षित आहे का, हा पहिला. जाणे जबाबदारीचे आहे का, हा दुसरा. बँकेच्या भाषेत सांगायचे तर कर्जदाराची ऐपत पाहणे आणि जामीनदाराची संमती घेणे ही दोन वेगळी कामे आहेत. कर्जदार कितीही धडधाकट असला तरी ज्याने सहीच केलेली नाही अशा माणसाला कोणतीही बँक जामीनदार धरीत नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर साथीच्या सुरुवातीला वाटत होते त्यापेक्षा बरेच उजवे निघाले, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. कोविडचा विषाणू मुख्यतः श्वासावाटे, बोलण्या-खोकण्यातून उडणाऱ्या थेंबांतून आणि हवेत तरंगत राहणाऱ्या सूक्ष्म कणांतून पसरतो. मोकळ्या हवेत हे कण झपाट्याने विरतात. बंद खोलीत साठत जातात. जपानच्या सरकारने २०२० च्या मार्चमध्येच लोकांना तीन गोष्टी टाळण्यास सांगितले होते : बंदिस्त जागा, गर्दी आणि निकटचा संपर्क. या तिन्ही एकत्र आल्या म्हणजे काय होते याचे उदाहरण त्याच महिन्यात अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात घडले. १० मार्च २०२० रोजी स्कॅजिट खोऱ्यातील एका गायनवृंदाचा सराव झाला. अडीच तासांच्या त्या सरावाला ६१ जण होते. त्यांतील एकाला सर्दी-तापाची लक्षणे होती. पुढे त्या ६१ पैकी ५३ जण निश्चित किंवा संभाव्य कोविड रुग्ण ठरले आणि दोघे दगावले. गाताना माणूस दीर्घ श्वास घेतो आणि जोराने सोडतो. साध्या बोलण्यापेक्षा कितीतरी अधिक कण त्याच्या तोंडातून बाहेर पडतात.

रोलर कोस्टरवर माणसे गात नसली तरी किंचाळतात, आणि तेही मनापासून. म्हणूनच जपानमधील थीम पार्कांच्या संघटनांनी मे २०२० मध्ये पाहुण्यांना मोठ्याने ओरडणे टाळण्याची विनंती केली. फुजी पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या फुजी-क्यू हायलँड या उद्यानाने तर एक चित्रफीत प्रसिद्ध केली. तीत उद्यानाचे दोन वरिष्ठ अधिकारी सूट-बूट घालून, तोंडाला मुखपट्टी लावून, चेहऱ्यावरची रेषही न हलवता तो भयंकर चढ-उतार पार करतात, आणि शेवटी संदेश येतो की ओरडायचे ते मनातल्या मनात ओरडा. जगभर लोक त्यावर हसले. त्या विनोदाच्या पोटातले शास्त्र मात्र पक्के होते.

थीम पार्कचा दिवस खतावणीत मांडून पाहिला तर एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. ज्या राइडची सर्वांना भीती वाटते ती दोन-तीन मिनिटांची, उघड्या आकाशाखालची, वाऱ्यातली असते; धोक्याच्या हिशोबात ती जवळजवळ सर्वांत लहान नोंद. पाण्याच्या खेळांचेही तसेच. योग्य प्रमाणात क्लोरीन घातलेल्या पाण्यातून हा विषाणू पसरल्याचा पुरावा नाही, असे अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने तेव्हाच सांगितले होते. मोठ्या नोंदी वेगळ्याच ठिकाणी असतात. वातानुकूलित सभागृहातील खेळ, बंद बोगद्यातून जाणारी राइड आणि तिच्या दारापर्यंत वळणावळणाने जाणारी छताखालची रांग, कपडे बदलण्याची खोली, स्वच्छतागृहे, आणि दुपारी एक ते दोन या वेळात सर्वांनी एकदम मुखपट्टी काढून जेवायला बसण्याचा उपाहारगृहातील तो एक तास. तिकिटावर न छापलेला प्रवास तर या सर्वांहून मोठा. सांगलीहून खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जायचे म्हणजे एका बाजूने सुमारे तीनशे किलोमीटर. खिडक्या मिटलेल्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये चौदा माणसे जाता-येता दहा-बारा तास गाणी म्हणत, भेंड्या लावत बसणार असतील, तर त्यांना संसर्ग व्हायचा तो उद्यानाचे फाटक दिसण्यापूर्वीच होऊन जाईल. फाटकावरील ताप मोजण्याच्या यंत्राला त्याचा पत्ताही लागणार नाही, कारण संसर्ग झाल्यावर लक्षणे दिसायला साधारण पाच दिवस लागतात आणि लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस इतरांना तो देऊ शकतो. डिस्ने वर्ल्डनेही मे २०२१ मध्ये ताप मोजणे बंद केले.

मग फ्लोरिडाचे पुढे काय झाले? ज्यांनी अनर्थाचे भाकीत केले होते त्यांचे भाकीत चुकले. उद्यान उघडल्यावर सुमारे तीन महिने लोटले तरी तेथील आरोग्य अधिकाऱ्यांना पाहुण्यांत किंवा कामगारांत लक्षणीय उद्रेक आढळला नव्हता. मर्यादित संख्या, मुखपट्टीची सक्ती आणि बहुतांश उघडी जागा यांचे हे श्रेय, आणि ते देण्यात कंजूषी करण्याचे कारण नाही.

तथापि ‘आढळला नाही’ आणि ‘झाला नाही’ यांत अंतर आहे. थीम पार्कमध्ये येणारा पाहुणा दोन दिवस राहतो आणि आपल्या गावी परततो. आठवड्याने त्याला ताप आला तर त्याची नोंद दुसऱ्या राज्यात होते, आणि तोवर तो विमानात, हॉटेलात, नातेवाइकांकडे, दुकानात जाऊन आलेला असतो. संसर्ग नेमका कोठे झाला हे कोणी सांगावे? वसुलीच्या कामातील जाणकारांना हा प्रकार नवा नाही. कर्जदाराचा पत्ता हरवला म्हणून येणे शून्य होत नाही. फक्त ते कोणाच्या नावावर मांडायचे हे कळेनासे होते.

पत्ता सापडतो तेव्हा चित्र कसे दिसते, हे याच कंपनीच्या कॅलिफोर्नियातील उद्यानाने साथीच्या पाच वर्षे आधी दाखवले होते. डिसेंबर २०१४ च्या नाताळच्या सुट्टीत तेथे गोवराचा फैलाव झाला. गोवर अमेरिकेत तेव्हा दुर्मीळ होता आणि अंगावरील पुरळामुळे ओळखू येत होता, म्हणून माग काढता आला. ८ फेब्रुवारी २०१५ पर्यंत या उद्रेकातील १२५ रुग्णांची नोंद झाली. त्यांपैकी ११० कॅलिफोर्नियाचे होते, आणि या ११० मधील ३९ जण १७ ते २० डिसेंबर या चार दिवसांत त्या उद्यानांत गेलेले होते. रुग्ण मेक्सिको आणि कॅनडापर्यंत निघाले. पहिला रुग्ण कोण, हे अखेरपर्यंत कळले नाही. कॅलिफोर्नियाच्या रुग्णांत बारा तान्ही बाळे होती, ज्यांचे लस घेण्याचे वयही झालेले नव्हते. त्या बाळांनी कोणतीही निष्काळजी केली नव्हती, आणि त्यांच्या आईबापांनीही लस चुकवली नव्हती.

येथे दुसरा प्रश्न सुरू होतो.

सांगलीचे ते चौदा माणसांचे घर आता अधिक तपशिलाने डोळ्यांसमोर आणावे. समजा, घराण्याचे कापडाचे दुकान आहे. तीन भाऊ, त्यांच्या पत्नी, सात मुले, आणि घरात एक आजी. वय ७८, मधुमेह आहे, सहलीला त्या जाणारच नाहीत. तेरा माणसे आणि चालक असे चौदा जण निघतात. दुकानात पाच माणसे कामाला आहेत; त्यांतील एकाचे वडील दम्याने आजारी असतात. घरी स्वयंपाकाला येणाऱ्या ताई आणखी तीन घरी जातात. सुट्टीत उद्यानात जाण्याचा आनंद तेरा जणांना मिळेल. मुलांना कोविड झालाच तर तो बहुतेक वेळा सौम्य जातो, तरण्या माणसांनाही बहुधा चार दिवसांचा ताप. तेरा जणांच्या दृष्टीने व्यवहार फायद्याचा दिसतो आणि तसा तो असूही शकतो. पण हा आजार वयाप्रमाणे व्याज लावणारा आहे. नातवाला एक दिवसाची कणकण देणारा संसर्ग आजींना रुग्णालयात नेऊ शकतो, आणि ठाण कापून देणाऱ्या माणसाच्या वडिलांना घरी परत न आणताही सोडू शकतो. आजी, ते वडील, त्या ताई आणि त्यांची तीन घरे हे सारे या सहलीचे जामीनदार आहेत. त्यांच्यापैकी एकाचीही सही कागदावर नाही.

‘आमची जोखीम आम्ही घेतो, इतरांना काय त्याचे?’ हे वाक्य त्या दोन वर्षांत अनेक घरांत ऐकू आले. बोलणारी माणसे दुष्ट नव्हती. व्यापार करणारा माणूस जोखीम घेतच असतो आणि त्याला तिचा अभिमानही असतो. पण जो व्यापारी दिलेल्या शब्दाला जपतो, तो दुसऱ्याचे नाव त्याला न विचारता हुंडीवर घालीत नाही. संसर्गजन्य रोगात नेमके तेच होते, आणि नाव घातले गेल्याचे ज्याचे नाव असते त्याला सर्वांत शेवटी कळते.

उद्यानाच्या आतले जामीनदार निराळेच. डिस्ने वर्ल्डमध्ये साथीपूर्वी सुमारे ७७ हजार माणसे कामाला होती. पाहुणा एक दिवस आत असतो. राइडचा पट्टा तपासणारा कामगार रोज हजारोंना हात लांबवून बसवतो. उद्यान उघडण्याच्या वेळी तेथील नाट्यकलावंतांच्या संघटनेने आपल्या सभासदांसाठी नियमित चाचण्यांची मागणी केली, कारण रंगमंचावर त्यांना मुखपट्टी लावता येणार नव्हती. ऑगस्टमध्ये त्या परिसरात चाचणी केंद्राची सोय झाल्यावर त्यांचा वाद मिटला. दुसऱ्या बाजूला, २९ सप्टेंबर २०२० रोजी कंपनीने आपल्या अमेरिकेतील उद्यान-व्यवसायातील २८ हजार जणांना कामावरून कमी करण्याचे जाहीर केले. त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश अर्धवेळ काम करणारे होते, म्हणजे ज्यांच्या गाठीला सर्वांत कमी, ते. कॅलिफोर्नियाचे दरवाजे बंद ठेवणे हे एक कारण कंपनीने त्या वेळी उघडपणे सांगितले. तेव्हा ‘घरी बसणे म्हणजे निष्पाप असणे’ असेही समजू नये. बंद फाटकाचीही किंमत असते आणि ती बहुधा रोजंदारीवरच्या माणसाच्या चुलीतून वसूल होते. या कारणासाठी फ्लोरिडाला सरसकट दोषी आणि कॅलिफोर्नियाला सरसकट शहाणे ठरवता येत नाही. मात्र कामगाराच्या रोजगारासाठी आपण सहलीला जातो असे सांगणाऱ्या पाहुण्याने मुखपट्टी हनुवटीवर घेऊन त्याच कामगाराशी हुज्जत घालू नये. आणि असे पाहुणे थोडे नव्हते.

त्याच डिस्ने वर्ल्डच्या आवारात, त्याच उन्हाळ्यात, आणखी एक प्रयोग चालू होता. अमेरिकेतील बास्केटबॉलच्या व्यावसायिक लीगने आपले २२ संघ तेथील क्रीडासंकुलात आणि हॉटेलांत आणून ठेवले. आत येताना विलगीकरण, नंतर जवळजवळ रोज चाचणी, बाहेर पडण्यास मनाई. ऑक्टोबरमध्ये अंतिम सामना संपेपर्यंत, विलगीकरण संपवून आत आलेल्या खेळाडूंपैकी एकालाही कोविड झाल्याचे निष्पन्न झाले नाही. त्यासाठी आलेला खर्च कोणत्याही कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा होता. पूर्ण सुरक्षितता म्हणजे काय याचा तो भाव होता. बाकी सर्वांना त्याहून कमी सुरक्षिततेवर भागवायचे होते, आणि म्हणूनच ‘किती कमी’ हे ठरवणे आले.

चीनने ते दुसऱ्या टोकाला जाऊन ठरवले. शांघायचे डिस्नेलँड २५ जानेवारी २०२० पासून बंद होते आणि ११ मे रोजी उघडले. साथीनंतर उघडणारे ते या कंपनीचे पहिले उद्यान. सरकारने रोजच्या क्षमतेच्या ३० टक्के, म्हणजे सुमारे २४ हजार जणांची मर्यादा घातली होती. कंपनीने सुरुवात त्याहूनही कमी संख्येने केली. दीड वर्षाने, ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी, आदल्या दिवशी येऊन गेलेली एक बाई बाधित असल्याचे कळताच उद्यानाची दारे आतून बंद झाली. सुमारे ३४ हजार लोकांची चाचणी होईपर्यंत कोणालाही बाहेर सोडले नाही. वर रोजच्यासारखी शोभेची दारू उडत होती आणि खाली पांढऱ्या संरक्षक पोशाखातील आरोग्यसेवक रात्री उशिरापर्यंत एकेकाचे नमुने घेत होते. सर्व चाचण्या नकारात्मक आल्या. जामीनदारांचे रक्षण झाले खरे, पण ते ज्या रीतीने झाले ती रीत आपल्याकडे कोणाला रुचली असती असे वाटत नाही. हाँगकाँगच्या उद्यानाने तर २०२० या एकाच वर्षात तीनदा दारे मिटली : जानेवारीत, जुलैत आणि डिसेंबरमध्ये.

या उघडझापीत पैशाचा प्रश्न येतो, आणि तो गौण नाही. चौदा तिकिटे, गाडीचे भाडे, एका रात्रीचे हॉटेल हे सारे महिनाभर आधी भरलेले असते. निघण्याच्या दिवशी पहाटे मधल्या भावाचा मुलगा खोकू लागतो. अशा वेळी घरात जो संवाद होतो तो वैद्यकाचा नसतो, रोकड वहीचा असतो. ‘एवढे पैसे भरलेत, साधी सर्दी आहे, वाटेत गोळी देऊ.’ भरलेले पैसे तर गेलेच. आता निर्णय पुढच्या खर्चाचा आहे, हे दुकानात ज्याला पाठ असते त्यालाही घरच्या सहलीत आठवत नाही. बुडीत खात्यातील रक्कम वाचवण्यासाठी नवे कर्ज देऊ नये, हा धडा बँकांनीही पुन्हा पुन्हा आणि महागात शिकला आहे. म्हणून साथीच्या दिवसांत उद्यानाची जाहिरात पाहताना सॅनिटायझरच्या बाटल्या मोजण्याऐवजी रद्द करण्याच्या अटी आधी वाचाव्यात. ज्या ठिकाणी आजारपणात तारीख विनाशुल्क बदलता येते, तेथे खोकणारे मूल घरी राहते. ज्या ठिकाणी पैसे परत नाहीत असे ठळक अक्षरांत छापलेले असते, तेथे ते मूल रांगेत पुढेच उभे असण्याची शक्यता मोठी. ही अट ताप मोजण्याच्या यंत्रापेक्षा अधिक उपयोगी आरोग्य-उपाय आहे, आणि आश्चर्य हे की तिची चर्चा जवळजवळ कोणीच केली नाही.

सांगलीच्या त्या कुटुंबाने जावे की जाऊ नये, याचे एकच कायमचे उत्तर नाही. तारखेप्रमाणे ते बदलते. एप्रिल २०२१ मध्ये, महाराष्ट्रात रुग्णालयांत खाटा आणि प्राणवायू मिळेनासे झाले होते तेव्हा, जाण्याचा प्रश्नच नव्हता. सरकारने निर्बंध घालून करमणुकीची उद्याने बंदच केली होती, आणि केली नसती तरी जाणे समर्थनीय ठरले नसते. वाटेत साधा अपघात झाला असता तरी त्या जखमीने कोणाची तरी खाट अडवली असती. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरअखेर चित्र पालटले होते. रुग्णसंख्या ओसरली होती. १६ जानेवारीपासून सुरू झालेले लसीकरण १ मेपासून अठरा वर्षांवरील सर्वांना खुले झाले होते, आणि आजींच्या दोन्ही मात्रा घेऊन झाल्या असण्याची बरीच शक्यता होती. मुलांना मात्र लस अजून नव्हती. पंधरा वर्षांवरील मुलांचा क्रम ३ जानेवारी २०२२ रोजी लागला. अशा वेळी खिडक्या उघड्या ठेवता येतील अशा दोन गाड्या, सुट्टीचा सोडून मधला वार, घरचा डबा झाडाखाली उघडून खाणे, बंद सभागृहातील खेळ वगळणे, आणि परतल्यावर आठवडाभर आजींच्या खोलीत मुखपट्टी लावूनच जाणे, इतके पाळून ते कुटुंब गेले असते तर त्याला बेजबाबदार म्हणणे अन्यायाचे झाले असते. दुकानातील पाच जणांना आधी कल्पना देणे आणि कोणाला ताप आला तर पगार न कापता सुट्टी देणे, हेही त्याच हिशोबात आले. सही मागायची ती अशीच मागावी लागते.

आजी बहुधा ‘जा’ असेच म्हणाल्या असत्या. नातवंडांना नाही म्हणणे त्यांना कधी जमलेले नाही. म्हणूनच त्यांच्या होकाराला किती वजन द्यायचे, हे थोरल्या मुलाने ठरवायचे असते. उपकारापोटी दिलेली जामीनकी कोणीही सावध अधिकारी डोळे मिटून स्वीकारीत नाही.

सरकारी आदेश या निर्णयाला आधार देतात, पण त्याची जागा घेत नाहीत. केंद्राने ३० सप्टेंबर २०२० च्या आदेशाने प्रतिबंधित क्षेत्राबाहेरील करमणूक उद्यानांना १५ ऑक्टोबरपासून मुभा दिली, आणि ती मुभा साथीची पहिली लाट पुरती ओसरण्याआधीच आली. दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्रात २२ ऑक्टोबर २०२१ पासून मोकळ्या जागेतील कोरड्या राइडना परवानगी मिळाली. पाण्याच्या राइडना नाही. शास्त्र पाण्याला दोष देत नव्हते, तरी कपडे बदलण्याच्या खोल्यांतील गर्दी पाहता हा निर्णय अगदीच अनाठायी म्हणता येत नाही. पुढे ओमायक्रॉन आला आणि १० जानेवारी २०२२ पासून राज्यातील करमणूक उद्याने, प्राणिसंग्रहालये, वस्तुसंग्रहालये आणि किल्ले पुन्हा बंद झाले. ज्यांनी त्या आठवड्याची तिकिटे आगाऊ काढून ठेवली होती, त्यांना रद्द करण्याच्या अटी वाचण्याची वेळ तेव्हा आली.